कण्हेरीला पानं भरपूर, पण दोन वर्षं झाली एक फूल नाही. वरनं सासूबाई म्हणतात विषारी झाड दारात नको. काढून टाकू का?

काढू नका. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर.

ताई, तुम्ही लिहिलंय की कुंडी पोर्चमध्ये आहे, रोज संध्याकाळी पाणी घालता आणि महिन्याला चमचाभर युरिया देता. तिन्ही चुकलंय. कण्हेर उन्हाची आहे, दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन अंगावर पडलं पाहिजे, पोर्चच्या उजेडावर ती नुसती जगते, फुलत नाही. गच्चीवर न्या. रोजचं पाणी बंद करा, बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं की मग घालायचं आणि खालच्या भोकातनं निघेपर्यंत घालायचं. कुंडीतली आहे म्हणून उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी लागेल, जमिनीत रुजलेली असती तर आठ-दहा दिवस विसरला असता तरी चाललं असतं. माती आपली काळी असेल तर निम्मा मुरूम किंवा वाळू मिसळा, पाणी थांबता कामा नये. युरियानं पाला माजतो आणि त्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा चिकटतो, तो आला तर पाण्याचा जोरात फवारा मारायचा, नाही गेला तर साबणाचं पाणी. आणि शेंडे सारखे कापू नका, फूल नव्या फुटव्याच्या टोकाला येतं, तुम्ही दर महिन्याला झाड गोल करत बसलात तर कळीच कापताय. बहर ओसरला की वर्षातनं एकदा तिसरा हिस्सा छाटायची, बास. झालं फुलांचं.

आता विषारी आहे का, तर आहे. पान, फूल, खोड, मूळ, चीक, सगळं. ते विष हृदयाच्या ठोक्यांवर जातं. सासूबाई खोटं बोलत नाहीत. पण "विषारी आहे म्हणून काढून टाका" हे वाक्य मी आमच्याच घरात ऐकलंय आणि ते ऐकून जे झालं ते अजून पचलेलं नाही, म्हणून एवढं लिहितोय.

आमचं जुनं घर कोल्हापुरात, शाहूपुरीत, खालच्या अंगाला. वडील एसटीत ड्रायव्हर होते. 1988 च्या पावसाळ्यात विजापूरच्या फेरीवरनं येताना तिथल्या कुणाच्या तरी कुंपणाची फांदी मागून आणली, ओल्या रुमालात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब. आईनं काचेच्या बरणीत पाण्यात ठेवली, काही आठवड्यांनी खाली पांढऱ्या मुळ्या सुटल्या, मग फाटकाजवळ लावली. गुलाबी, दुहेरी पाकळ्यांची. तिला आमच्या घरात कुणी पाणी घातलेलं मला तर आठवत नाही, तरी फाटकावर चढून दहा-बारा फूट गेली, बुडातनं मनगटाएवढ्या खोडांचा झुबका झाला. आई रोज सकाळी परडीभर फुलं काढायची आणि देवाची पूजा झाली की हात साबणानं धुवायची, दरवेळी. आम्हाला लहानपणी सांगून ठेवलेलं, पान तोंडात घालायचं नाही, दातण करायचं नाही, चीक डोळ्याला लावायचा नाही. आम्ही तीन भावंडं त्या झाडाखाली वाढलो, कुणाला कधी काही झालं नाही.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आमच्या अंगणात आलं. पाच दिवस कमरेएवढं उभं होतं. पाणी उतरल्यावर बघितलं तर गुलाब गेले, मोगरा गेला, आईची तुळस गेली, कढीपत्ता काळा पडला. कण्हेरीला खालच्या निम्म्या पानांवर गाळ वाळून बसलेला, मी नळीनं धुतला. तीन आठवड्यांत नवीन पालवी आली. मला तेव्हा आश्चर्य वाटलं की कोरड्याचं झाड म्हणतात आणि पुरात कसं तगलं, मग वाचलं तेव्हा समजलं. भूमध्य समुद्राच्या भोवतीच्या मुलखात, मोरोक्कोपासून ग्रीसपर्यंत, ही मुळात नाल्यांच्या आणि ओढ्यांच्या पात्रात उगवते. वर्षातले बरेच महिने ते पात्र खडखडीत कोरडं, दगडगोटे नुसते, आणि पाऊस लागला की एकदम लोंढा. दोन्ही सोसायची तिला सवय आहे. रोजचं ओलं बूड मात्र ती सोसत नाही, म्हणून तुमचं संध्याकाळचं पाणी बंद करायला सांगितलं.

तर असं झाड. आणि ते 2022 च्या मे महिन्यात गेलं.

वडील दरवर्षी स्वतः छाटायचे. हातमोजे घालून, फांद्या पोत्यात भरून, तोंड सुतळीनं आवळून. ते गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं. त्या वर्षी मी गोकुळ शिरगावला शिफ्टमध्ये होतो, सुट्टीच मिळत नव्हती, तर दादानं पावसाच्या आधी अंगण साफ करायला माणूस लावला. त्यानं गवत कापलं, कण्हेरही कापली, आणि सगळा एकच ढीग करून गल्लीच्या कोपऱ्यावर टाकला. तीन दिवस तो ढीग उन्हात पडला. मी जाता-येता बघितला, गवत वाटलं, हात घालून बघायला पाहिजे होतं, नाही बघितलं.

हिरव्या कण्हेरीला शेळी सहसा तोंड लावत नाही, कडू असते. हायवेच्या दुभाजकात तीच लावतात ती उगीच नाही, पाणी कमी लागतं, धूर सोसते, समोरच्या गाडीचा लाईट अडतो आणि जनावर खात नाही. पण वाळलेली पानं सुक्या गवतात मिसळली की जनावर गवताबरोबर ओढून घेतं, आणि वाळली म्हणून विष जात नाही. मागच्या गल्लीतल्या एका आजींच्या दोन शेळ्या होत्या. त्यातली एक चौथ्या दिवशी दुपारी बसली ती उठेना. मी शिफ्टवरनं येत होतो, आजींनी हाक मारली. तोंडातनं लाळ, पोट सुटलेलं. बरगडीवर हात ठेवला तर दोन ठोके भरभर, मग काहीच नाही, मग एक जोरात. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी जबडा उघडून दाढेतनं एक चोथा काढला आणि बोटावर पसरला. पानाची मधली फिकी शीर आणि तिच्यातनं कंगव्याच्या दातांसारख्या निघालेल्या बारीक शिरा. बघूनच म्हणाले, जवळपास कण्हेर कुणाची आहे? मला सांगावं लागलं, आमची. संध्याकाळच्या आत गेली शेळी. आजी तिच्या मानेखाली हात घालून बसून होत्या, मी शेजारी बसलो, बोलायला काही नव्हतं.

दादानं शेळीचे पैसे दिले, न मागता दिले, ते त्याचं चांगलं. पण दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना कुऱ्हाड आणून झाड बुडातनं काढलं. रात्री भांडण झालं. म्हणाला, "विषारी झाड हाय ते, घरात पोरंबाळं हाईत, दारात ठेवायचं न्हाई म्हणजे न्हाई." मी म्हटलं, चौतीस वर्षं ते झाड तिथंच होतं, तेव्हा मेली का कुणाची शेळी? ज्या वर्षी फांद्या उघड्यावर पडल्या त्या वर्षी मेली. चूक ढिगाची आहे, झाडाची नाही. तो म्हणाला, झाड नसतं तर ढीग नसता. यावर काय बोलायचं? घरात गॅस आहे, फिनेल आहे, उंदराचं औषध आहे, ते सगळं आपण नीट ठेवतो, टाकून देत नाही.

आणि लोक म्हणतात कण्हेर दारात अशुभ, तर त्यांनी एवढं बघावं. गणपतीला ज्या एकवीस पत्री वाहतात त्यात कण्हेरीचं पान आहे, तिथं नाव करवीर. करवीर म्हणजे कण्हेरच. आपल्या गावाचं जुनं नाव करवीर, तालुका अजून करवीर. गावाचं नाव फुलावरनंच पडलं असं मी म्हणत नाही, नावाच्या कथा वेगळ्या आहेत. पण ज्या गावाच्या सातबाऱ्यावर करवीर लिहिलेलं असतं त्या गावात करवीराला दारातनं हाकलायचं, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. दादा हे वाचत असेल तर त्यालाही हेच.

हां, आता एक सांगायचं राहिलं. तुमच्या घरात रांगतं मूल असेल, दिसेल ते तोंडात घालणारं, तर दोन वर्षं कुंडी गच्चीवर कडी लावून ठेवा, नाहीतर कुणाला तरी सांभाळायला द्या. दारात शेळी, गाय, म्हैस असेल तर मीसुद्धा म्हणेन लावू नका, तिथं दादाचं बरोबर आहे. छाटलेलं जाळू नका, धूरही वाईट. फांदी पाण्यात रुजवली तर ते पाणी मोरीत ओता, मांजर-कुत्र्याच्या पुढ्यात नको. आणि पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, ती वेगळं झाड, अमेरिकेकडनं आलेली. तिच्या बिया फार वाईट, पोरं खेळायला घेतात, ती मात्र लहान मुलांच्या घरात नकोच.

त्या रात्री भांडण झाल्यावर मी बॅटरी घेऊन अंगणात गेलो आणि पडलेल्या झाडाच्या अकरा फांद्या कापून घेतल्या. सात रुजल्या. एक आता कळंब्याला माझ्या गच्चीत आहे, अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये, गेल्या उन्हाळ्यात तिला पहिला घोस आला, तोच गुलाबी. एक लहान कुंडीतली घेऊन मी आजींकडं गेलो होतो, द्यायला नव्हे, विचारायला. त्या म्हणाल्या, दुसरी शेळी आहे अजून, नको. मी परत घेऊन आलो.

तुमची बहर संपल्यावर छाटाल तेव्हा हातमोजे घाला, फांद्या कापतानाच पोत्यात टाका, खाली एक पानसुद्धा ठेवू नका, आणि पोत्याचं तोंड सुतळीनं दोन गाठी मारून बांधा. घंटागाडीवाल्याला सांगा आत काय आहे ते.