“आज रात्री भूकंप होणार” असा मेसेज खरा की खोटा, हे कसे ओळखावे?

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “रात्री तीन वाजता मोठा भूकंप होणार, घराबाहेर झोपा” असा मेसेज आला, तर त्याची शहानिशा कशी करावी, असे आपण विचारले आहे. मी औसा तालुक्यातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे घडले ते आमच्याकडे कोणी विसरलेले नाही, आणि अफवा नेमकी त्या भीतीवर पोसली जाते.

असा मेसेज आला की मी आधी एवढेच पाहतो, की ही गोष्ट कोणाला आधी कळणे शक्य तरी आहे का. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगू शकेल असे यंत्र जगात कुठेही नाही. जपानमधली इशारा यंत्रणासुद्धा भूकंप सुरू झाल्यावरच, काही सेकंदांची सवड मिळावी म्हणून वाजते. त्यामुळे वेळ सांगणारा मेसेज, त्याखाली नासाचे नाव असो की एखाद्या वाहिनीचे बोधचिन्ह, खोटाच समजावा. खरा धक्का बसल्यानंतर मात्र गफलत होते. १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तशा वेळी खऱ्या बातमीला “आता याहून मोठा येणार” हे शेपूट सहज जोडता येते. अशा वेळी राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर धक्क्याची वेळ, ठिकाण, खोली आणि तीव्रता पाहावी. सोबत पडझडीचा फोटो असेल तर तो गुगल लेन्समध्ये टाकून पाहावा, कारण पुष्कळदा तो जुना किंवा भलत्याच देशातला निघतो.

जायकवाडीतून पाणी सोडल्याचा मेसेज मात्र मी कधीच उडवून लावत नाही, कारण विसर्ग किती क्युसेक आहे हे खरोखर मोजलेले असते आणि गोदाकाठच्या गावांना प्रशासनाकडून इशाराही दिला जातो. तिथे जिल्हा माहिती कार्यालयाचे पान पाहावे किंवा सरळ तलाठ्याला फोन करावा.

माझ्या आईला हे सगळे पटते, तरी भूकंपाचा मेसेज आला की ती अंथरूण अंगणात टाकते. तिने ती पहाट पाहिली आहे, म्हणून मी वाद घालत नाही. फक्त तो मेसेज तिच्या मोबाइलवरून पुढे जाऊ देत नाही.