बोअरच्या पाण्याने बाथरूमच्या टाइल्स पांढऱ्या आणि सांधे काळे पडलेत. सासूबाई म्हणतात ॲसिड मार, मिस्त्री म्हणतो फरशी बदला. काय करावं?

ताई, दोन्ही करू नका. परभणीत माझं टाइल्सचं दुकान आहे. नवीन फरशी विकली तर चार पैसे मलाच मिळतात, तरी सांगतो, टाइल्सना काही झालेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की घर लातूरला आहे, बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. म्हणजे पाणी चांगलंच जड आहे. आपल्याकडे काळ्या खडकातून येणारं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. भिंतीवर ते वाळलं की पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. तो तुमचा पांढरा थर. सांध्यातला काळा रंग मात्र वेगळा. ती बुरशी, आणि तिच्या जोडीला साबण व क्षार मिळून झालेला चिकट मळ. घाण दोन जातींची आहे, म्हणून एकाच बाटलीने निघत नाही.

आधी ॲसिडचं बोलतो, कारण सगळं नुकसान तिथूनच होतं. क्षार आंबट पदार्थाने विरघळतो हे खरं, त्यामुळे ॲसिड मारल्यावर टाइल त्या दिवशी लख्ख दिसते. पण सांध्यात भरलेला माल सिमेंटचा असतो, आणि सिमेंटमध्येही कॅल्शियमच. ॲसिडला क्षार कुठला आणि सांधा कुठला हे कळत नाही, ते दोन्ही खातं. दर महिन्याला मारत राहिलात की सांधा खडबडीत होतो, खोल जातो, त्यात पाणी मुरतं आणि बुरशी दुप्पट जोमाने येते. मग लोक म्हणतात, ॲसिड मारूनही काळं जात नाही. वर नळाचं क्रोम उडतं ते वेगळंच. संडास धुण्याच्या बऱ्याच लिक्विडमध्ये हेच हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्यामुळे तीही भिंतीला लावू नका.

आणि हे फार जपा: उन्हाळ्यात टाक्या धुवायला आपल्या घराघरात ब्लीचिंग पावडर असते. ती आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. एकानंतर लगेच दुसरं, असंही नको. मधे भरपूर पाण्याने धुवा आणि दुसरं काम दुसऱ्या दिवशी करा.

पांढऱ्या थरासाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे. पण आधी सांध्यांवर साधं पाणी मारून ते भिजवून घ्या, म्हणजे ते पाण्याने भरलेले राहतात आणि आंबट पाणी आत कमी ओढतात. मग जुनं फडकं त्या पाण्यात बुडवून फक्त टाइलवर चिकटवा. पाच-दहा मिनिटं थांबा, नायलॉनच्या घासणीने घासा, धुवून टाका. तारेची घासणी नको, चकाकी जाते. थर जाड असेल तर हेच दोन-तीनदा करा, पण लिंबूसत्त्व वाढवू नका. व्हिडिओत दाखवतात तसा व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करू नका. फसफस छान दिसते, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हातात उरतं जवळपास नुसतं पाणी.

घरात कुठे शहाबादी, कोटा, कडप्पा किंवा संगमरवर असेल तर तिथे लिंबूही लावू नका. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड आहेत, आंबटाने त्यांचा पृष्ठभागच उडतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या ओसरीत शहाबादी असतेच, तिला फक्त साधं पाणी आणि सौम्य साबण.

आता काळे सांधे. इथे आंबटाचा काही उपयोग नाही. ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, चांगल्या गरम पाण्यात कालवून जाड लगदा करा, सांध्यांवर थापा, अर्धा तास ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. हातमोजे घाला. ती नसेल तर पातळ केलेलं ब्लीच चालतं, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. पण वारंवार नको. स्वयंपाकघरात ओट्यामागे सांध्यांवर तेलाचा चिकटा असतो, तिथे गरम पाण्यात धुण्याचा सोडा. हळदीचा डाग राहिला तर काळजी करू नका, ऊन लागतं अशी जागा असेल तर तो आपोआप फिका पडतो.

घासूनही काळं राहिलं किंवा सांध्याचा भुगा हाताला लागतोय, तर तो सांधाच गेलाय. आपल्याकडे अनेक मिस्त्री नुसतं व्हाइट सिमेंट फासून मोकळे होतात, ते तडकतं आणि पाणी पितं. हेक्सा ब्लेडच्या तुकड्याने जुना माल निदान दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून काढा, धूळ साफ करा आणि नवीन ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायचा माल, भरून घ्या. जुन्यावर नुसता नवीन लेप दिला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. बाथरूममध्ये जमलं तर एपॉक्सी ग्राउट घ्या. महाग पडतं, पण पाणी पीत नाही आणि डागही धरत नाही. भरणारा सवयीचा हवा, कारण ते लवकर घट्ट होतं आणि टाइलवर राहिलेला चिकटा वेळीच पुसला नाही तर नंतर निघणं कठीण. सिमेंटचंच भरलंत तर पूर्ण वाळल्यावर वरून सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारं द्रव, मारा. सीलर उरलाय का हे बघायला सांध्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब आत मुरून सांधा गडद झाला तर पुन्हा मारायची वेळ झाली. भिंत आणि जमीन भेटतात त्या कोपऱ्यात ग्राउट नको, सिलिकॉन भरा, कारण तिथे हालचाल होते.

एक शंका तुमच्या मिस्त्रीच्या बाजूने. तळमजला काळ्या मातीवर असेल आणि सांधे एका सरळ रेषेत तडकले असतील, तर प्रश्न साफसफाईचा नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया नीट भरला नसेल तर फरशीही हलते. नाण्याने टाइल ठोकून बघा. पोकळ वाजणाऱ्या टाइल्स बदलाव्याच लागतात, पण फक्त तेवढ्याच.

आता रोजचं. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, तुम्हाला काय सांगायचं. उन्हाळ्यात बादल्या ओतून फरशी धुणं जमत नाही आणि तशी गरजही नाही. क्षार वाळताना बसतो, म्हणून अंघोळ झाली की शेवटचा माणूस भिंतीवरून वायपर फिरवेल एवढं घरात ठरवा. एक-दोन मिनिटांचं काम आहे. अंगाच्या साबणाऐवजी बॉडीवॉश वापरलात तर साबणाचा मळही बराच कमी होईल, कारण साबण जड पाण्यात क्षाराशी जुळून चिकटतो. एक्झॉस्ट पंखा अंघोळीनंतर थोडा वेळ चालू ठेवा. आणि मिस्त्रीला विचारा, बांधकामातल्या उरलेल्या टाइल्स गच्चीवर किंवा जिन्याखाली कुठे पडल्यात का. असतील तर त्या फेकू देऊ नका, तीच शेड पुन्हा दुकानात मिळेल याची मीही हमी देत नाही.