चहावर दुपार गाठणाऱ्या मुलीला

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांची आहे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करते. वजन वाढलं म्हणून नाश्ता आणि भात बंद केलाय. सकाळी नुसता चहा घेऊन अभ्यासिकेत जाते. रात्री मात्र बिस्किटांचा अख्खा पुडा संपतो आणि मग स्वतःचीच चीड येते. बारीकसारीक गोष्टीवरून रडू येतं, वाचलेलं डोक्यात राहत नाही. आई म्हणते, जेवणाची आबाळ करतेस म्हणून. रूममेट म्हणते, हे डिप्रेशन आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघींचंही ऐक. मन खचलं की जेवणाची घडी विस्कटते आणि घडी विस्कटली की मन आणखी खचतं. तुझी सुरुवात कुठून झाली, ते पत्रावरून सांगता येणार नाही. पण एक खटकलं. रात्रीच्या पुड्याला तू गुन्हा ठरवलंस आणि सकाळपासूनच्या उपासमारीला शिस्त! अगं, दिवसभर पोट मारलंस तर रात्री ते वसुली करणारच. त्यात तुझा निर्धार कमी पडला असं काही नाही.

आधी रक्त तपासून घे : हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी-12, थायरॉइड. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. हिमोग्लोबिन 12च्या खाली गेलं की थकवा येतो, चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. ही तुझ्याच पत्रातली यादी झाली. शाकाहारी असशील तर बी-12 नक्की बघ. आणि जेवणाला लागून चहा नको, त्याने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. तासाभराने घे. डाळ-उसळीवर लिंबू मात्र पिळ.

ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या 67 रुग्णांवर झालेला एक प्रयोग 2017मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना 12 आठवडे आहारतज्ज्ञांनी कडधान्यं, भाज्या, अख्खी धान्यं, मासे, सुकामेवा असं खायला शिकवलं, बाकीच्यांना नुसती गप्पांची सोबत दिली. आहाराच्या गटातले साधारण एक तृतीयांश लोक नैराश्यातून बाहेर आले, सोबतीच्या गटातले 8 टक्के. प्रयोग लहान होता, आणि दोन तृतीयांश लोक तेवढ्याने बाहेर आले नाहीत हेही विसरू नकोस. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते : कोणालाही वजन उतरवायला सांगितलं नव्हतं, पोटभर खायची मुभा होती. तू नेमकं उलटं करते आहेस.

तेव्हा भात परत सुरू कर. सकाळी पोहे, उपमा, नाहीतर दोन उकडलेली अंडी आणि केळं. बॅगेत फुटाणे-शेंगदाणे ठेव. रील्समधला डाएट प्लॅन नको, एक परीक्षा पुरे आहे तुला.

मात्र उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल, पाळी चुकत असेल, किंवा खाल्लेलं उलटी करून काढावंसं वाटत असेल, तर केवळ आहारावर विसंबू नकोस. डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी 14416 लाव. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

आईला लगेच 'तुझंच बरोबर होतं' म्हणू नकोस, डोक्यावर बसेल! शेंगदाण्याचे लाडू मागव, रूममेटचेही धरून.