पोरगी घरात, खेळायला काय द्यायचं?

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, यंदा शाळेत घातलं नाही, घरीच शिकवायचं ठरवलंय. पण सासूबाई म्हणतात अजून पेन्सिल पण धरता येत नाही. घरात तिच्याकडून काय करून घेऊ?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, पेन्सिलची घाई अजिबात नको. आधी बोटांत ताकद येऊ दे, ती मळण्यातनं, चिमटीत धरण्यातनं येते. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी, थोडी हळद, आणि मळायला तिलाच बसवा. हात बरबटतील, फरशी घाण होईल, होऊ दे! फक्त खारट असतंय, तोंडात घालू देऊ नका.

आपल्याकडं बेंदराला मातीचे बैल पुजतात, तर शाडू आणून तिला तिचा बैल करू दे, शिंगं वाकडी आली तरी तुम्ही नीट करायला जाऊ नका, ती कशी वळली ते तिलाच विचारा, मग बघा किती बोलते ते. भाषा इथंच वाढते. पाने, चिंचोके, शिंपले पण चालतात, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ ला पालघरकडच्या बोर्डी गावात बालवाडी काढली तेव्हा अशाच साध्या वस्तू वापरल्या होत्या, महागडे किट कशाला? चिंचोके मात्र तुमच्या नजरेसमोरच, नाकात घालतात पोरं. आणि सासूबाईंनाच शेंगा सोलायला तिच्यासोबत बसवा, मोजणं आपोआप होतंय.