वाचकांचे प्रश्न: स्क्रोल्ड विंडोची माहिती लिहायची तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न: ताई, नमस्कार. कर्वे रोडला आमचं छोटं ऑफिस आहे, दुकानांसाठी लिनक्सवर चालणारं बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो, पायथन आणि जीटीके ४ (स्क्रीनवरच्या विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) मध्ये. दरवर्षी कॉलेजमधून नवीन पोरं येतात आणि सगळी स्क्रोल्ड विंडोपाशी (आतला मजकूर सरकवून दाखवणारी चौकट) अडकतात. म्हणून सरांनी मला सांगितलं की याची मराठीत नीट माहिती लिहून काढ. मी मूळ डॉक्युमेंटेशन समोर ठेवून एकेक प्रॉपर्टी, एकेक फंक्शन मराठीत उतरवलं, चांगली जाडजूड फाइल झाली. पोरांनी वाचली आणि परत येऊन विचारतात, "मॅडम, लिस्ट टाकली पण पट्टीएवढीच दिसतेय, असं का?" आता अजून काय लिहू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: अहो, अजून काही लिहू नका, आधी क्रम बदला. पोरांचा हा जो प्रश्न आहे ना, तोच पहिल्या पानावर सगळ्यात वर यायला हवा. प्रॉपर्टींची यादी मूळ डॉक्युमेंटेशनमध्ये आहेच आणि ती चांगली आहे, पण ती ज्याला कल्पना आधीच कळलीय त्याच्यासाठी आहे. तुमच्या नवीन मुलाला मुळात हे कळलेलं नसतं की साइज ठरवतं कोण.

जीटीकेत एरवी काय होतं, बटण असो, लेबल असो, प्रत्येक विजेट (स्क्रीनवरचा घटक) आपल्याला किती जागा लागेल ते पॅरेंटला, म्हणजे ज्याच्या आत ते बसलंय त्याला, सांगतं, पॅरेंट त्याच्या पॅरेंटला सांगतो, असं करत करत विंडोची साइज ठरते. स्क्रोल्ड विंडो ही साखळी मुद्दाम तोडते. आतली लिस्ट ६०० पिक्सेल मागत असली तरी ती वर सांगते की मला थोडक्यात भागेल, बाकीचं मी स्क्रोल करून दाखवते. मग पॅरेंट पण तिला थोडकीच जागा देतो आणि पोराला पट्टी दिसते. हा बग नाही, या विजेटचं कामच ते आहे, आणि हे एवढं सरळ भाषेत लिहिलंत की निम्मे प्रश्न बंद होतील बघा.

त्याच्या लगेच खाली उपाय. विंडोत उरलेली सगळी जागा लिस्टला द्यायची असेल तर व्ही-एक्सपांड (उभ्या दिशेने पसरणं) ट्रू करायचं, बिलाच्या मेन स्क्रीनला बहुतेक वेळा हेच लागतं. निदान अमुक उंची हवीच असेल तर मिन कंटेंट हाइट. आणि डायलॉगमध्ये चार ओळी असतील तर चार ओळींएवढंच दिसावं, चाळीस झाल्या तर एका मर्यादेनंतर स्क्रोल यावं असं हवं असेल तर मॅक्स कंटेंट हाइट, पण तिच्या जोडीला प्रोपगेट नॅचरल हाइट (आतल्या मजकुराची उंची वर कळवणं) ट्रू करावंच लागतं. ते डीफॉल्टला बंद असतं आणि नुसती मॅक्स दिली तर काहीही फरक पडत नाही, लोक इथे तासन्‌तास घालवतात, त्यामुळे हे वाक्य ठळक करा.

पोरं अडकतात ती दुसरी जागा म्हणजे पॉलिसी, स्क्रोलबार कधी दाखवायचा तो नियम. ऑटोमॅटिक आणि ऑलवेज सगळ्यांना कळतं, दोन ओळीत उरका. नेव्हरवर मात्र थांबा. नावावरून वाटतं की हे फक्त स्क्रोलबार लपवतं, पण नेव्हर केलं की त्या दिशेची साइज आतला मजकूर ठरवायला लागतो. आडव्या पॉलिसीला नेव्हर दिलं आणि एखाद्या दुकानदाराने मालाचं नाव भलतंच लांब टाकलं तर लेबलला रॅप (पुढच्या ओळीवर नेणं) किंवा एलिप्साइझ (तीन टिंब देऊन तोडणं) नसल्यामुळे अख्खी विंडो रुंद होत जाते, स्क्रीनच्या बाहेर सुद्धा. नुसता बार नको असेल आणि साइज पण वाढायला नको असेल तर एक्स्टर्नल आहे, जीटीके ३.१६ पासून.

त्याच ३.१६ मध्ये ओव्हरले स्क्रोलिंग आलं. म्हणजे स्क्रोलबार एरवी दिसत नाही, माउस हलवला की वर तरंगतो. तुमचा वापरणारा लक्ष्मी रोडवरचा दुकानदार आहे, गिऱ्हाईक समोर उभं असताना तो खाली अजून ओळी आहेत का ते शोधत बसणार नाही, त्याला वाटेल बिल एवढंच आहे. अशा ठिकाणी सेट ओव्हरले स्क्रोलिंग फॉल्स करा आणि ते का केलं ते पण डॉक्युमेंटेशनमध्ये लिहा. मला तर वाटतं कारण नसलेली सूचना लिहूच नये, पुढचा माणूस साफसफाई करताना ती ओळ उडवून टाकतो.

आता ॲडजस्टमेंट, म्हणजे स्क्रोल कुठवर आलंय त्याचे आकडे ठेवणारा ऑब्जेक्ट. इथे व्याख्या देऊ नका, आकडे द्या. पुण्याच्या पेठांची यादी घ्या, कसबा, सदाशिव, नारायण, शनिवार अशी १५ नावं, एक ओळ ४० पिक्सेलची. एकूण उंची ६००, ही झाली अप्पर. दिसायला जागा २००, ही पेज साइज. लोअर शून्य. मग व्हॅल्यू जास्तीत जास्त किती? ६०० नाही, ४००. कारण व्हॅल्यू म्हणजे दिसणाऱ्या भागाची वरची कड. सगळ्यात खाली जायचं म्हणजे अप्पर वजा पेज साइज. आता यादीत सोळावी पेठ घातली आणि पुढच्याच ओळीत खाली स्क्रोल केलं तर नवीन नाव दिसत नाही, कारण लेआउट (जागेची नवी मांडणी) अजून झालेलंच नाही आणि अप्पर अजून ६०० च आहे. ते ६४० झालं की ॲडजस्टमेंटचा चेंज्ड सिग्नल (आकडे बदलल्याची सूचना) येतो, तिथे स्क्रोल करायचं. व्हॅल्यू-चेंज्ड हा वेगळा सिग्नल, तो व्हॅल्यू बदलल्यावरचा, दोन्हींत गल्लत होते. हे उदाहरण आहे तसं उचला, मात्र चालणारा कोड जोडा, अर्धवट तुकडा नको. आणि नावं मराठीतच ठेवा, वरच्या वेलांटी-मात्रा आणि खालचे उकार यामुळे आपली ओळ बऱ्याच फॉन्टमध्ये इंग्रजीपेक्षा उंच होते, म्हणून इंग्रजी मजकुरावर ठरवलेली मिन कंटेंट हाइट मराठीत ओळ अर्ध्यात कापते.

राहिलं व्ह्यूपोर्ट. टेक्स्ट व्ह्यू, लिस्ट व्ह्यू यांना स्वतःला स्क्रोल करता येतं, साध्या बॉक्सला (विजेट्स ओळीने मांडणारा डबा) येत नाही. म्हणून बॉक्स टाकला की जीटीके स्वतःहून मध्ये व्ह्यूपोर्ट, म्हणजे बॉक्सला सरकवून दाखवणारं मधलं विजेट, घालतं (३.८ च्या आधी ते हाताने करायला लागायचं, जुन्या कोडमध्ये ॲड विथ व्ह्यूपोर्ट दिसतं ते त्यामुळे). याचा परिणाम असा की स्क्रोल्ड विंडोवर गेट चाइल्ड (आत काय आहे ते मागणं) केलं तर तुमचा बॉक्स मिळत नाही, व्ह्यूपोर्ट मिळतो, आणि त्याचं परत गेट चाइल्ड करावं लागतं. लिस्ट व्ह्यू मात्र थेट स्क्रोल्ड विंडोत टाका, मध्ये बॉक्स नको. ती दिसणाऱ्या ओळींपुरतीच विजेट्स बनवते आणि तीच फिरवून वापरते, बॉक्समध्ये कोंबली की किती भाग दिसतोय हे तिला कळत नाही आणि तो फायदा बराचसा जातो. हजारो आयटमच्या दुकानात हा फरक लगेच जाणवतो.

बाकी प्रॉपर्टींना एकेक ओळ पुरे. प्रत्येक पानावर कुठल्या व्हर्जनवर तपासलं ते टाका. आणि नवीन जॉइन झालेल्या एका पोराला फाइल देऊन शेजारी गप्प बसा, तो कुठल्या ओळीवरून मागे जातोय ते बघा, तिथे अजून लिहायला हवं.

प्रश्न: ताई, क्यूटीच्या (जीटीकेसारखीच दुसरी लायब्ररी) स्क्रोल एरियात विजेट टाकलं, लेआउट पण दिला, तरी आत काहीच दिसत नाही. कोड शंभर वेळा बघितला.
— एक वाचक, हडपसर

उत्तर: क्रम बघा. लेआउट आधी लावायचा आणि सेट विजेट (ते विजेट स्क्रोल एरियात बसवणं) त्यानंतर, उलटं केलं तर विजेट दिसतच नाही, क्यूटीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि आतलं विजेट विंडोबरोबर ताणलं जायला हवं असेल तर सेट विजेट रिसाइझेबल ट्रू करा, डीफॉल्ट फॉल्स असतं.

प्रश्न: टीकेइंटरमध्ये (पायथनबरोबर येणारी विंडो बनवायची लायब्ररी) फ्रेमला स्क्रोलबार लावता येत नाहीये, वाय-व्ह्यू (उभं स्क्रोल करायचं फंक्शन) नाही असा एरर येतो. सबमिशन आहे, प्लीज लवकर सांगा.
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, धनकवडी

उत्तर: एरर बरोबर आहे बाळा, फ्रेमला स्क्रोल होताच येत नाही. कॅनव्हास, टेक्स्ट, लिस्टबॉक्स, ट्रीव्ह्यू यांना येतं. म्हणून कॅनव्हास घे, क्रिएट विंडो वापरून फ्रेम त्याच्या आत ठेव आणि स्क्रोलबार कॅनव्हासला जोड. मग फ्रेमच्या कॉन्फिगर इव्हेंटवर (साइज बदलल्यावर) दर वेळी स्क्रोल-रीजन (किती भाग स्क्रोल व्हावा) म्हणून कॅनव्हासचा बीबॉक्स ऑल (आतल्या सगळ्याला वेढणारा चौकोन) दे, हे विसरलं तर बार दिसतो पण हलत नाही. माउसचं चाक वेगळं बाइंड करायला लागतं, विंडोजवर माउसव्हील इव्हेंट, आणि लिनक्सवर टीके ८.६ असेल तर बटन ४ आणि बटन ५. कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स असेल तर घरून निघायच्या आधी हे दोन्ही टाकून ठेव.