सोळाव्या अध्यायातल्या पेन्सिलच्या रेघा

"इतकी वर्षं गीता वाचतो, तरी राग जात नाही. कुठे चुकतंय?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. वेंगुर्ल्याकडच्या एका काकांची गोष्ट सांगते, त्यांना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

चुलतभावाशी कलमांच्या बागेवरून, खरं तर बागेच्या गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, जुना वाद. झोप उडालेली. रक्तदाबाचं औषध डॉक्टरांकडून चालू होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून गीता काढून सोळावा अध्याय उघडला. दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, पारुष्य... आसुरी संपत्तीतल्या, म्हणजे माणसातल्या दुर्गुणांच्या यादीतल्या, एकेका शब्दाखाली पेन्सिलची रेघ. पारुष्य म्हणजे बोलण्या-वागण्यातला कठोरपणा. "बघ बाय, ह्या सगळा त्याच्यात आसा." 'तस्मादुत्तिष्ठ कौन्तेय', म्हणून अर्जुना, लढायला ऊठ, हे तर तोंडपाठ. अर्जुन ते स्वतः, दुर्योधन तो चुलतभाऊ.

म्हणजे प्रतीकं त्यांना कळत होती. फक्त सगळी गडग्याच्या पलीकडे होती.

मी तेरावा अध्याय काढला. 'इदं शरीरं कौन्तेय क्षेत्रमित्यभिधीयते'. या देहालाच क्षेत्र म्हणतात, हे गीताच सांगते. मग कुरुक्षेत्रही आपल्या आत आहे असं धरून वाचून बघाल का?

काका दचकले. "मगे कृष्ण झालोच नाय की काय?"

ही भीती खरी असते, तिला हसू नये. देव खरा की प्रतीक, असा निवाडा करावाच लागत नाही. देवळात हात जोडणारा माणूस तीच कथा स्वतःच्या आत डोकावायलाही वाचू शकतो. गांधीजींनी 'अनासक्तियोगा'च्या प्रस्तावनेत हे युद्ध माणसाच्या हृदयात चालणारं द्वंद्व मानलं, आणि रामनाम त्यांनी कधी सोडलं नाही.

काकांना म्हटलं, पुढच्या भेटीपर्यंत रोजचा अध्याय राहू दे, फक्त पहिला श्लोक वाचा. 700 श्लोकांत धृतराष्ट्राच्या तोंडी तेवढा एकच. त्यातही तो 'मामकाः' म्हणतो, माझे. भावाची मुलं मात्र वेगळी काढतो. ज्ञानेश्वर त्याला बोलतं करतात तेच 'पुत्रस्नेहें मोहितु' म्हणून.

पुढच्या वेळी काका बराच वेळ गप्प बसले. मग आपल्या झिलाबद्दल, म्हणजे मुलाबद्दल, म्हणाले, "बाग झिलाक मिळाक व्हयी म्हणान मी भांडतंय. झील मुंबयत. त्याका नको ती बाग." आणि थोड्या वेळाने, "मी अर्जुन नाय गो बाय."

असं वाचन स्वतःपुरतंच करावं. घरात मार खाणाऱ्या बाईला 'राक्षस तुझ्या आत आहे' असं सांगणं क्रूरपणा आहे. काकांनीही जमिनीवरचा हक्क सोडला नाही, मोजणीचा अर्ज केलाच. फक्त तारीख पडली तेव्हा ती सांगायला स्वतः चुलतभावाच्या खळ्यात गेले. राग अजून येतो. पण हल्ली 'पारुष्य' या शब्दाशी थांबतात, कारण सकाळीच बायकोशी कसं बोललो ते आठवतं.