लंगड्या नेटवर गिट क्लोन करायचं असेल तर

भाऊ, तुम्ही म्हणता की पांढरकवड्याजवळच्या गावातून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीमची रिपॉझिटरी (गिटनं सांभाळलेला कोड आणि त्यातल्या बदलांचा सगळा इतिहास) क्लोन करताय, म्हणजे तिची पूर्ण प्रत उतरवताय, दीडेक जीबीची आहे आणि निम्म्यावर आली की 'अर्ली ईओएफ' (डेटा मध्येच संपला) दाखवून तुटते. गिटची 'पोस्ट बफर' सेटिंग वाढवूनही फरक पडला नाही. पडणारच नव्हता. ती सेटिंग एचटीटीपीवरून पुश करतानाची, म्हणजे आपले बदल सर्व्हरवर पाठवतानाची, क्लोनशी तिचं घेणंदेणं नाही. तरी जो उठतो तो हाच सल्ला देतो.

खरी अडचण अशी, की क्लोन तुटलं तिथून पुढे चालू होत नाही. सर्व्हर सगळा इतिहास एका पॅकमध्ये बांधून पाठवतो. तो अर्धाच आला तर गिट टाकून देतं, अर्धवट फोल्डरही पुसून टाकतं. म्हणून घास लहान घ्या. आधी 'गिट क्लोन --डेप्थ 1' करा, म्हणजे फक्त शेवटची कमिट (नोंदवलेला बदल) येते आणि कामाला लागता येतं. मग नेट बरं असेल तेव्हा 'गिट फेच --डीपन 100', पुन्हा तेच, असं मागे मागे जात राहा. पूर्ण झालेलं प्रत्येक फेच जागेवर राहतं; लाइन गेली तर तेवढा एकच घास वाया. उरलेला इतिहास थोडा राहिला, की '--अनशॅलो' मारून मोकळे व्हा.

डेप्थ दिली की एकच ब्रँच (कामाची वेगळी शाखा) येते. मग लोक विचारतात, 'डेव्हलप ब्रँच कुठं गेली?' 'गिट रिमोट सेट-ब्रँचेस ओरिजिन' लिहून पुढे अवतरणात तारा (*) टाका आणि त्याच डेप्थनं फेच करा. अशा अपुऱ्या इतिहासाच्या, म्हणजे शॅलो क्लोनमधून पुश होत नाही, ही भीती मात्र जुनी झाली. 2014 च्या 1.9 आवृत्तीपासून होतं.

'--फिल्टर=ब्लॉब:नन'ही कुणी सुचवेल. शहरात ठीक आहे. आपल्याकडं नको, कारण जुन्या फाइली ते लागतील तेव्हा सर्व्हरवरून आणतं. टॉवर बंद असताना 'ब्लेम' (कोणती ओळ कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) चालवायला जाल तर हात चोळत बसाल.

माझं मत विचाराल तर टीममधलं कुणी नागपूर-अमरावतीहून गावाकडं येणार असेल, तर सरळ पेनड्राइव्ह मागवा. त्यानं 'गिट क्लोन --मिरर' करून त्या फोल्डरमध्ये 'गिट बंडल क्रिएट', पुढे फाइलचं नाव आणि '--ऑल' द्यायचं, की सगळा इतिहास एकाच फाइलमध्ये, म्हणजे बंडलमध्ये बांधला जातो. मिरर यासाठी, की साध्या क्लोनमधून केलेल्या बंडलमधून त्यानं स्वतः कधी चेकआउट न केलेल्या (आपल्याकडं न उघडलेल्या) ब्रँचेस तुमच्या क्लोनमध्ये येत नाहीत. तुम्ही त्या फाइलवरूनच नेहमीसारखं क्लोन करा, नेट लागत नाही. (पेनड्राइव्ह फॅट32 असेल तर 4 जीबीच्या वरची एक फाइल त्यात बसत नाही, तुमची बसेल.)

क्लोन झाल्यावर ओरिजिन, म्हणजे क्लोन जिथून आलं तो पत्ता, त्या पेनड्राइव्हवरच्या फाइलकडं बोट दाखवत असतं. 'गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन' आणि खरा पत्ता द्या, मग 'गिट फेच'. आता फक्त मधल्या दिवसांतल्या कमिट येतील, त्याला हॉटस्पॉट पुरतो. रिपॉझिटरी गिटहबवर असेल तर पासवर्ड मागितल्यावर खात्याचा पासवर्ड टाकू नका, ऑगस्ट 2021 पासून तो चालत नाही. टोकन (पासवर्डऐवजी द्यायचा खास कोड) बनवून ठेवा, नाहीतर एसएसएच की (ओळख पटवणारी किल्लीची फाइल) जोडा.